महाराष्ट्राचा झेंडा कुठला? चिऊला पत्र

प्रिय चिऊ,

सोमवारी इथे जर्मनीत तुझ्या वर्गात आपापल्या प्रांताचा झेंडा न्यायचाय. बाडेन-वुर्टेम्बर्गवाल्यांचा काळा-पिवळा, बायर्नवाल्यांचा पांढरा-निळा, हुबळीच्या तुझ्या दोस्ताचा पिवळा-लाल. तू सगळी यादी पालथी घातलीस आणि विचारलंस, "महाराष्ट्राचा नाहीच आहे. मग महाराष्ट्र खरा आहे ना?" हा प्रश्न मला जरा लागला. तोंडी सांगायला गेले की मी तावातावाने बोलते आणि तू डोळे फिरवतेस, म्हणून लिहून देते. वाच, नको वाटलं तर ठेवून दे.

आधी सरळ उत्तर. महाराष्ट्राला सरकारी झेंडा नाही, आणि आज भारतातल्या कुठल्याच राज्याला नाही. जम्मू-काश्मीरला होता, तो २०१९ मध्ये ३७० कलमाबरोबर गेला. तुझ्या दोस्ताचा पिवळा-लाल झेंडा १९६० च्या दशकात म. राममूर्ती यांनी कन्नड चळवळीसाठी केला. पिवळा हळदीचा, लाल कुंकवाचा. तो १ नोव्हेंबरला गल्लोगल्ली लागतो, पण सरकारदरबारी त्याची नोंद नाही. २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने मध्ये पांढरा पट्टा आणि त्यावर गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी, घालून नवा झेंडा मंजूर केला आणि दिल्लीला पाठवला. दिल्लीने होकार दिलेला नाही. तेव्हा कागदावर तुम्ही दोघंही सारखेच. त्याला हे ऐकवायला जाऊ नकोस मात्र. शिवाय सरकारी इमारतींवरचा खादीचा तिरंगा हुबळीच्या बेंगेरीत शिवला जातो, त्यामुळे झेंड्याच्या बाबतीत हुबळीकरांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्राला मुद्रा आहे: मधोमध समई, भोवती कमळं, आणि शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला श्लोक. महाराजांची मुद्रा अष्टकोनी होती. २ सप्टेंबर २०२२ ला भारतीय नौदलाने नवा ध्वज घेतला, त्यावरचा निळा अष्टकोन तिच्यावरूनच आलाय. यादीत तुला महाराष्ट्र सापडला नाही खरा, पण समुद्रावर त्याची खूण फिरते आहे.

मग भगवा? आबांना फोन केलास तर ते दुसरं काही सांगणारच नाहीत. मराठ्यांचा भगवा दोन टोकांचा, मधून खाच असलेला. त्याचा मानाचा भाऊ जरीपटका, जरीकाम केलेला. तो पेशवाईच्या फौजेत निशाण म्हणून चाले आणि तो पडला की लढाई हातची गेली असं समजत. रंग कुठून आला याची आख्यायिका आबा सांगतील ती अशी: महाराजांनी राज्य रामदासांच्या झोळीत टाकलं, रामदासांनी ते परत केलं आणि आपल्या छाटीचा, म्हणजे अंगावरच्या वस्त्राचा, रंग झेंड्याला दिला. ही आख्यायिका आहे, तिला इतिहास म्हणू नकोस. तो रंग संन्याशांचा आणि वारकऱ्यांचा आधीपासूनच होता, त्यासाठी कुणाच्या छाटीची गरज नव्हती.

आता अडचण. आज तो रंग पक्षांच्या झेंड्यांवर आहे. एखाद्या मोठ्या मुलाने किंवा पालकाने तुला विचारलं की हा अमक्या पक्षाचा का, तर काय म्हणशील? मला स्वतःला याचं पक्कं उत्तर सापडलेलं नाही. लहानपणी भगवा म्हटलं की आमच्या डोळ्यापुढे दिंडी यायची. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी तुळजापूरहून सोलापुरात येते आणि मंगळवेढ्यावरून पंढरपूरला जाते. पुढे पताकावाले, खांद्यावर काठी कलती धरलेली, सगळ्यांच्या काठ्या एका कोनात. माउलींच्या पालखीचं रिंगण होतं तेव्हाही आधी पताकावाले धावतात, मग तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया, विणेकरी, आणि शेवटी घोडा. त्या पताकेच्या मागे कुठलं राज्य, सीमा किंवा सैन्य नव्हतं. मला तो भगवा जास्त आपला वाटतो, पण हे माझं मत. आबांचं वेगळं आहे आणि त्यांनाही ते असू दे.

आपल्या सोलापूरचं खरं निशाण विचारशील तर मी नंदीध्वज सांगेन. तो सुमारे ३० फुटांचा, म्हणजे तीन मजली घराएवढा, सजवलेला दांडा. असे सात. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत, जिला सगळे गड्डा म्हणतात, ते यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यातून निघतात. साधारण १३ जानेवारीला तैलाभिषेक आणि शहराभोवतीच्या ६८ लिंगांना फेरी, १४ ला संमती कट्ट्यावर अक्षता, १५ ला होम, १६ ला शोभेचं दारूकाम, १७ ला कप्पडकळ्ळी, म्हणजे साज उतरवायचा दिवस. मागची कथा अशी की कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशीच, म्हणजे या सिद्धेश्वरांशीच, लग्न करायचं होतं. ते योगी, म्हणाले माझ्याशी नाही, माझ्या योगदंडाशी कर. नंदीध्वज म्हणजे तोच योगदंड. त्या लग्नाच्या अक्षता दरवर्षी पडतात, आणि सगळं गाव वऱ्हाडी.

हा दांडा चालवणं किती कठीण आहे ते ऐक, कारण शाळेत नुसतं "उंच काठी" म्हणालीस तर कुणाला काही कळायचं नाही. वर बाशिंग, खोबऱ्याचे, लिंबांचे आणि साखरेचे हार असतात. वजन टोकाकडे गेलं की तळाशी बोटभर हललं तरी शेंडा हातभर झुकतो. म्हणून दांडा धरणारा जमिनीकडे बघत नाही, नजर शेंड्यावर. खाली बघून खड्डा चुकवायला गेला की तोल गेलाच; खड्डे बघायला पुढे वेगळी माणसं असतात. पावलं लहान आणि सपाट टाकायची, गुडघे थोडे मोकळे ठेवायचे. वारा आडवा आला तर थांबायचं, ओढून धरायचं नाही. ओढलं की दांडा उलट्या बाजूला जातो. दमायच्या आधी माणूस बदलायचा, दमल्यावर नाही. बदलताना नवा माणूस आधी पूर्ण पकड घेतो, जुना मगच हात सोडतो. सगळ्यांच्या अंगात पांढरी बाराबंदी. रात्री सराव होतो, तोही यात्रेच्या कितीतरी आधीपासून, आणि मार्गावरच्या लोंबत्या वायरी आधीच वर घेतात किंवा काढतात. मग सुरू होतं: "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" आमच्या घरात त्या आठवड्यात अभ्यासाला कुणी बसत नसे आणि कुणी बसवतही नसे.

सातांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. आता तुझ्या कामाची गोष्ट: ज्यांच्यासाठी हे सगळं चालतं ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले, आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. सोलापुरात घराच्या एका खोलीत मराठी, दुसरीत कन्नड, आणि पूर्व भागात विणकरांची तेलुगू. तुझी पणजी देवाशी कन्नडमध्ये आणि भाजीवाल्याशी मराठीत बोलायची. म्हणून दोस्ताच्या पिवळ्या-लाल झेंड्याशी तुझी स्पर्धा लागली तेव्हा मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

आणखी एक झेंडा आहे, तोच सोलापूरला सगळ्यात महाग पडला. ६ एप्रिल १९३० ला, म्हणजे गांधीजींनी दांडीला मीठ उचललं त्याच दिवशी, सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. पुण्याच्या अण्णासाहेब भोपटकरांनी तो फडकवला. असं करणारी देशातली ही पहिली नगरपालिका असं सोलापुरात अभिमानाने सांगतात. एक बारीक गोष्ट लक्षात ठेव: तो आजचा तिरंगा नव्हता. तेव्हाचा वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि त्यावर चरखा. केशरी-पांढरा-हिरवा हा क्रम काँग्रेसने १९३१ मध्ये घेतला आणि चरख्याच्या जागी २४ आऱ्यांचं चक्र २२ जुलै १९४७ ला आलं. गोष्टीच्या चित्रांत १९३० च्या सोलापुरावर अशोकचक्राचा झेंडा काढलेला दिसला तर तो चुकीचा.

मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि गाव पेटलं. ८ मे ला पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे गेले. पोलीस शहर सोडून गेले, काही दिवस सोलापूर लोकांनीच चालवलं, मग १२ मे पासून मार्शल लॉ लागला आणि झेंडा मिरवल्याबद्दलसुद्धा शिक्षा झाल्या. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. नावं पुन्हा वाच, चौघंही सोलापूरचे. चार पुतळ्यांचा चौक त्यांचाच. तारीखही बघ: गड्ड्याच्या आदल्या दिवसाची.

आता सोमवारचं. तिरंगा नेलास तर बाई म्हणतील तो देशाचा, ते बरोबरच आहे. नंदीध्वज वर्गात मावत नाही. माझं म्हणणं, वारकरी पताका शिव. बाजारातला पॉलिस्टरचा झेंडा आणू नये असं मला वाटतं, पण हट्ट नाही.

कापड अर्धा मीटर, साधं सुती पॉपलीन. शिवण्याआधी धुऊन इस्त्री कर. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि शिवल्यावर आटलं तर टिपेजवळ सुरकुत्या पडतात. रंग घेताना भडक नारिंगी घेऊ नकोस, ते रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जाकिटासारखं दिसेल. विटेकडे झुकणारा घे. घरी रंगवायचा मोह होईल, पण हळद उन्हात उडते आणि गेरू कापडात मुरत नाही, नुसता वर बसतो आणि हाताला लागतो. रंगवलेलंच घे.

झेंडा ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद करायचा तर कापड ५१ बाय ३४ कापायचं. वर आणि खाली दोन-दोन सेंटिमीटर दुमडीत जातात, काठीच्या बाजूचे चार सेंटिमीटर नळीत, उरलेले दोन खाचेकडे. काठी दीड सेंटिमीटर जाड असली तर नळी शिवून तीन सेंटिमीटर रुंद हवी. अडीच केलीस तर बांबूच्या गाठीपाशी अडकेल. नळीचं वरचं तोंड शिवून बंद कर, नाहीतर पताका काठीवरून घसरत खाली येते आणि तू सारखी वर ढकलत बसशील.

खाचेवर सगळ्यात जास्त कापड वाया जातं. तयार झेंड्याची रेघ पेन्सिलने आख: दोन्ही बाहेरचे कोपरे, आणि मधोमध १५ सेंटिमीटर आत एक टोक. कात्री त्या रेघेवर चालवायची नाही. रेघेपासून एक सेंटिमीटर खाचेच्या बाजूला चालव, म्हणजे दुमडायला जागा राहते. आतल्या टोकाशी मात्र रेघेच्या दोन मिलिमीटर अलीकडेपर्यंत छेद द्यावा लागतो, नाहीतर दुमड बसतच नाही. तिथेच पताका फाटते, कारण वाऱ्याचा सगळा ताण त्या एका टोकावर येतो. म्हणून मागून तीन सेंटिमीटरचं चौकोनी ठिगळ लाव आणि त्यावर दोनदा टीप मार. बाहेरच्या दोन टोकांना आधी टोक आत दुमड, जास्तीचं कापड छाट, मग बाजू दुमड. उलट केलंस तर टोकाला जाड गोळा होतो आणि मशीनची सुई तुटते.

काठी बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात, बागेच्या सामानात मिळेल, सव्वा मीटरची. गाठी सँडपेपरने घास, जाड बाजू खाली ठेव. शिलाई मशीन माझ्या खोलीत कपाटात आहे, पण मी घरी असतानाच लाव.

बाईंनी विचारलं तर दोन वाक्यांत सांग: हा सरकारी झेंडा नाही, आणि हा घेऊन आमच्याकडे लोक दरवर्षी पंढरपूरला चालत जातात. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच आहे, नकाशावर दाखव. राजकारणाचं कुणी विचारलं तर "ते मोठ्यांना विचारा" म्हण, चालतं. आणि पताका नकोच वाटली तर दोस्ताबरोबर नंदीध्वजाचं एक चित्र काढा, दोघांचं मिळून. त्याच्या आजीला कप्पडकळ्ळी म्हणजे काय ते माझ्यापेक्षा नीट सांगता येईल.

आबा सोलापुरात रात्री साडेनऊला झोपतात. फोन करायचा तर इथल्या पाचच्या आत कर, आणि रामदासांच्या छाटीवरून त्यांच्याशी वाद घालू नकोस. वहीत लिहून आण, तो वाद मी घालेन.

तुझी,
आई