दुमागेतेतल्या संध्याकाळी

अनेक आशीर्वाद.

दुमागेतेला बदलीची ऑर्डर हातात पडल्याचं कळलं, अभिनंदन. कामाबद्दल तू एक अक्षर विचारलं नाहीस. ‘ताई, तिथे संध्याकाळी लोक करतात काय?’ एवढंच विचारलंस. बरोबर विचारलंस. कॉल सेंटरच्या पोरांना ट्रेनिंग तू झोपेतही देशील. तिथे गेलेल्यांचं गणित बिघडतं ते शिफ्ट संपल्यावर.

आधी गावाचा अंदाज घे. फिलिपिन्समधल्या नेग्रोस ओरिएंटल प्रांताची राजधानी असली, तरी २०२०च्या जनगणनेत दुमागेतेची लोकसंख्या भरली १,३४,१०३. त्यात चार विद्यापीठं. सिलिमन तर १९०१पासूनचं, अमेरिकन मिशनऱ्यांनी काढलेलं. त्यामुळे रस्ते पोरापोरींनी भरलेले. आणि त्याच रस्त्यांवर, पेन्शन डॉलर-पौंडांत आणि खर्च पेसोत अशा हिशेबाने येऊन राहिलेले अमेरिकन, ब्रिटिश, जर्मन, ऑस्ट्रेलियन म्हातारे. तू यातल्या कुठल्याच घोळक्यातला नाहीस, म्हणून चटकन नजरेत भरशील. शनिवारी तू कुठे बसलास, कोणाबरोबर बसलास आणि बिल कोणी भरलं, हे सोमवारी तुझ्या बॅचला ठाऊक असेल. मुंबईत बारमधून बाहेर पडलं की माणूस गर्दीत विरघळतो. ती सोय तिथे विसर.

म्हणून सुरुवातीचे काही आठवडे बारकडे फिरकू नकोस. रिसाल बुलेव्हारवर जा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला साखरेच्या पैशांतून उभे राहिलेले जुने वाडे. त्यातल्या कित्येकांत आता हॉटेलं आणि बेकऱ्या. ऊन उतरलं की गाव तिथे लोटतं. कडेला टेंपुरावाल्यांच्या गाड्या लागतात. जपानी टेंपुरा डोक्यात आणू नकोस, हे माशाच्या पिठाचे तळलेले लांबट तुकडे, काडीला टोचून तिखट व्हिनेगरमध्ये बुडवून खायचे. गुडघ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचं आणि शेजारी कोण बसेल त्याच्याशी बोलायचं. विद्यार्थी, नर्स, ट्रायसिकल चालवणारे, सगळे तिथे. ट्रायसिकल म्हणजे मोटरसायकलला बाजूला डबा जोडलेली रिक्षा. तिला तिथे पेडिकॅब म्हणतात, मोटर असली तरी. उतरायचं असेल तेव्हा ‘लुगार लांग’ म्हण, थांबेल. भाषा विसाया, टॅगालॉग नव्हे. मनिलाचं यूट्यूब बघून चार वाक्यं पाठ करून जाशील तर लोक हसतील, प्रेमानेच, पण हसतील.

आता गोऱ्यांच्या टेबलाबद्दल. तू बोलवल्याशिवाय गेला नाहीस तरी ते तुला बोलावतील, कारण तुझं इंग्रजी त्यांना समजतं आणि त्यांच्या गोष्टी ऐकून घेणारं नवं माणूस त्यांना हवंच असतं. त्यांच्यात फार चांगली माणसं आहेत. दाउइनला डायव्हिंग करणारे, आपो बेटाच्या प्रवाळांबद्दल तासन्‌तास बोलणारे, बायकोच्या अख्ख्या गोतावळ्याला मुकाट्याने सांभाळणारे. ओळखायचं कसं? ते वेटरशी विसायात बोलतात, मोडक्या का होईना. आणि दुपारी दोनला तिसरी बाटली उघडून ‘हे लोक असेच’ असं जो सुरू करतो, त्याच्या टेबलावरून काहीतरी कारण काढून ऊठ. तो तुझी बिअर भरेल, हे लक्षात ठेव. फुकट बिअरपायी आपल्या पोरांना त्या टेबलाची सवय लागते आणि वर्षभरात तीही तशीच बोलायला लागतात. ज्यांच्याबद्दल बोलतात तीच माणसं रात्री त्यांच्या टीममध्ये हेडसेट लावून बसलेली असतात.

भारतीय म्हणून आणखी एक गोष्ट वाट्याला येईल. फिलिपिन्समध्ये मोटरसायकलवरून दारोदार फिरून कर्ज देणारे पंजाबी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पाच घ्यायचे, सहा फेडायचे, म्हणून त्या धंद्याला ‘फाइव्ह-सिक्स’ म्हणतात, आणि भारतीय कुठलाही असो, तो ‘बुम्बाय’. कोणीतरी थट्टेत विचारेलच, ‘सर, व्याजाने देता का?’ हसून सोडून दे. मात्र उसने खरोखर देऊ नकोस. टीममधल्या कोणाची आई आजारी असेल तर जमेल तेवढे हातावर ठेव आणि विसरून जा. उसने दिलेस की फेडता न आल्याच्या लाजेने तो तुला टाळेल, मग ट्रेनिंग टाळेल, मग नोकरी सोडेल. हे मी पाहिलंय.

कोणाचा तरी वाढदिवस आला की घरी बोलावणं येईल, आणि तिथली खरी संध्याकाळ तीच. वाढदिवस ज्याचा, खर्च त्याचा. तू परदेशी आहेस म्हणून खिशात हात घालू नकोस, केक घेऊन जा. आत शिरल्यावर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लाव. तुला हे शिकवायला नको, वाकायची सवय आहेच. मग अंगणात ‘तागाय’ सुरू होईल. टेबलावर तांदुआय रमची बाटली, पाण्याचा जग आणि सगळ्यांत मिळून एकच ग्लास. एक जण ओतणारा. तो ग्लासात दोन बोटं ओततो, पुढच्याला देतो, तो एका दमात संपवतो, ग्लास झटकून परत करतो, वर पाण्याचा घोट. मग पुढचा. ग्लास हातात धरून तू गप्पा मारत बसलास की अख्खं टेबल तुझ्या तोंडाकडे बघत थांबलेलं असतं, आणि कोणी काही बोलणार नाही. प्यायचं नसेल तर पहिला ग्लास भरायच्या आधी सांग, मध्येच नको. सांगून झालं की शेगडीजवळ उभा राहा, मासे उलट, बर्फ आण. हाताला काम असलेल्या माणसाला तिथे कोणी आग्रह करत नाही. कधी रमच्या जागी तुबा असेल, आपल्या कोकणातल्या माडीची सख्खी बहीण, फक्त खारफुटीच्या सालीने लालसर झालेली. गोड लागते म्हणून फसू नकोस. रेड हॉर्स बिअरचंही तेच, ६.९ टक्के आहे ती.

शाकाहारी असशील तर आदल्या दिवशीच सांगून ठेव, आणि ‘मासे तरी चालतील ना?’ हे तीनदा ऐकायची तयारी ठेव. मुगाची उसळ मिळते, पण त्यात डुकराच्या मांसाचा नाहीतर सुक्या मासळीचा तुकडा असतोच. भात मात्र पोटभर.

जेवण झालं की व्हिडिओके, म्हणजे कराओके. दारू नाकारलेली चालते, गाणं नाकारलेलं खुपतं. वाईट गा, पण गा. मशीन वाईट गाण्यालाही नव्वदच्या वर मार्क देतं. दुसऱ्याच्या गाण्याला मात्र हसायचं नाही, हातातला माइक ओढायचा नाही. पिऊन झालेल्या भांडणांची सुरुवात तिथूनच होते. मी बाई असल्याने बराच वेळ मागच्या दारी, भांडी घासणाऱ्या काकू-आज्यांच्यात असायचे. गावात काय चाललंय ते तिथे कळतं. तुलाही कधी बसायला दिलं तर बस.

तुझी शिफ्ट अमेरिकेची, म्हणजे तुझी ‘रात्र’ सकाळी सहा-सातला सुरू होईल. त्या वेळी एजंट पोरं उन्हात बिअर घेऊन बसलेली दिसतात, शेजारून शाळेची मुलं चाललेली. महिन्यातून एकदा त्यांच्याबरोबर बस, टीम समजते. एरवी सरळ बाजारातल्या पाइनितानला, म्हणजे गरम न्याहारीच्या टपऱ्यांवर जा. लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसायचं, चिकट तांदळाचा पुतो माया आणि दाट, गरम सिक्वाते म्हणजे कोको मागवायचा, आंब्याचा मोसम असला तर सोबत फोड. कोळणी, भाजीवाल्या, रात्रपाळीचे हवालदार शेजारी असतात. पोट भरतं आणि झोपही लागते. बार हवाच असेल तर फ्लोरेस ॲव्हेन्यूवरच्या हायाहायला माझ्या वेळी बुधवारी रेगे असायचं, आणि तिथे विद्यार्थी, परदेशी, प्राध्यापक सगळे एकत्र दिसायचे. ज्या बारमध्ये फक्त परदेशी पुरुष आणि फक्त स्थानिक मुली दिसतील, तिथून बाहेर पड.

मुलींबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगते. तिथे मुस्लिमांसाठीची तरतूद सोडली तर घटस्फोटाचा कायदाच नाही. ‘मी नवऱ्यापासून वेगळी राहते’ असं कोणी म्हणाली, तर कायद्याच्या लेखी ती अजून बायको आहे, आणि ते माहीत असून संबंध ठेवणाऱ्या पुरुषावरही नवरा फौजदारी खटला भरू शकतो. १९३०च्या दंडसंहितेतलं कलम आहे, पण वापरात आहे. परदेशी माणसाविरुद्ध तर ते फार सोयीचं पडतं. दुसरं, गाव विद्यापीठांचं आहे. संमतीचं वय २०२२मध्ये १२वरून १६ झालं, पण तू १६चा विचारसुद्धा करायचा नाही. वयाबद्दल कणभर शंका आली तरी त्या व्यक्तीबरोबर तू एकटा कुठेही दिसता कामा नये. बाकी कोणी मनापासून आवडली तर आधी तिच्या घरी जाऊन बस. आई-मावशीला माहीत नसलेलं प्रेम त्या गावात चार दिवसही लपत नाही.

म्हाताऱ्या गोऱ्यांच्या तरुण बायकांवर शेरे मारू नकोस. त्यातली कित्येक लग्नं सरळ हिशेबाची आणि सुखाची आहेत, आणि त्यातलीच एखादी बाई तुझ्या एजंटची आत्या असेल.

मोटरसायकल घेशीलच. दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध २०१३चा कायदा आहे. कारला थोडी सूट आहे, मोटरसायकलवाल्याच्या रक्तात मात्र अल्कोहोल शून्य हवं. प्यायलास की गाडी तिथेच ठेव.

राजकारणावर तोंड उघडू नकोस, बारमध्ये तर नाहीच. २०२१मध्ये समुद्रात १७४ हेक्टर भर घालायच्या योजनेवर अख्खं गाव भांडत होतं. परदेशी माणसाला मोर्चात जायची तिथे मुभा नाही. आणि मार्च २०२३मध्ये गव्हर्नर रोएल देगामो यांना पाम्प्लोनातल्या त्यांच्याच घरी गोळ्या घातल्या, आणखीही माणसं मेली. तुझ्या टेबलावरचं कोण कोणाच्या बाजूचं, तुला कळायचं नाही.

२५ नोव्हेंबरला सेंट कॅथरीनची फिएस्टा असते. त्या दिवशी रजा टाक. चार घरांतून बोलावणं येईल, चारही घरी थोडं थोडं जेव. आणि जवळच्या सिकिहोर बेटावर जायचं झालं तर रविवारच्या शेवटच्या बोटीवर विसंबू नकोस. वादळाचा सिग्नल लागला की कोस्ट गार्ड बोटी सोडत नाही, आणि सोमवारची बॅच तुझ्याशिवाय बसेल. शनिवारी परत ये.

पोचलास की मेसेज टाक.

तुझी ताई