जुळी बाळं काचेच्या पेटीत, आणि रजा १२ आठवडेच?

प्रश्न: मी नाशिकला एका खासगी कंपनीत ३ वर्षं नोकरी करते. पहिलंच बाळंतपण. २९ व्या आठवड्यात जुळं झालं, मुलगा आणि मुलगी. आज ४१ दिवस झाले, दोघंही एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहेत. एचआरनं कळवलंय की तुम्हाला आता दोन मुलं आहेत, म्हणून १२ आठवडेच रजा. त्यानंतर हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. बाळं घरी येईपर्यंत रजा संपत आलेली असेल. राजीनामा देऊन मोकळं व्हावं का?

उत्तर: ताई, राजीनामा देऊ नका. कुठल्याही कागदावर सहीसुद्धा करू नका. तुम्ही दिवसभर दूध काढून आत पाठवताय, बाळांना छातीशी धरून बसताय. अशा वेळी असं पत्र यावं याचा मला फार राग आला. पण रागापेक्षा कायदा तुमच्या जास्त उपयोगाचा आहे.

१९६१ चा प्रसूती लाभ कायदा असो की आता त्याच्या जागी आलेली सामाजिक सुरक्षा संहिता, मूळ हक्क एकच: २६ आठवड्यांची पगारी रजा. अट एवढीच की अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं. १२ आठवड्यांची मर्यादा आहे ती 'दोन किंवा अधिक हयात मुलं असलेल्या' स्त्रीसाठी. एचआरनं नेमकं इथंच चुकीचं वाचलंय. त्याच कलमात पुढं म्हटलंय की या १२ पैकी ६ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीच्या आधी घेता येते. म्हणजे रजा किती मिळणार हे बाळ जन्मायच्या आधीच ठरलेलं असावं लागतं. मुलं मोजायची ती तेव्हा असलेली. तुम्ही घरातून दवाखान्यात गेलात त्या दिवशी तुम्हाला एकही मूल नव्हतं. जुळं झालं म्हणून पहिलं बाळंतपण तिसरं होत नाही.

बाळंतपण लवकर झालं म्हणून आधीची रजा बुडाली, असंही नाही. प्रसूतीपूर्वी ८ आठवड्यांपर्यंत रजा घेता येते. न घेतलेले आठवडे नंतर मिळतात. आगाऊ नोटीस दिली नसेल तरी हक्क जात नाही, आता द्या.

याशिवाय आणखी एक महिना पगारी रजा मागता येते, आणि ही तरतूद फार थोड्या बायकांना ठाऊक असते. गरोदरपण, प्रसूती किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणामुळे आलेल्या आजारपणासाठी ती आहे. मात्र हे आजारपण आईचं असावं लागतं. म्हणून बाळांच्या डॉक्टरांचा दाखला पुरणार नाही. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून टाके, रक्तदाब, अशक्तपणा, खचलेलं मन, जे खरं असेल ते लिहून घ्या.

एचआरला ईमेल करा: पहिली प्रसूती, २६ आठवडे, सोबत प्रसूतीचा दाखला. लेखी उत्तर मागा. या रजेत कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. तरीही ऐकलं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या. पगार २१,००० रुपयांच्या आत असून तुम्ही ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असाल, तर पैसे कंपनीकडून नव्हे, ईएसआयकडून मिळतात.

आता तुम्ही न विचारलेलं एक. १९९६ मध्ये तामिळनाडूत २९ व्या आठवड्यात एक मुलगी जन्मली, वजन १,२५० ग्रॅम. दिवस पूर्ण न झालेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो, आरओपी म्हणतात त्याला. तिची तपासणी झालीच नाही आणि दृष्टी गेली. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई दिली. डोळे मात्र परत आले नाहीत. एवढ्या लवकर जन्मलेल्या बाळांची पहिली तपासणी साधारण ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. तुमचे ४१ दिवस झालेत. झाली असेल तर दोघांचे रिपोर्ट हातात घ्या आणि पुढची तारीख विचारा. झाली नसेल तर एचआरची ईमेल उद्या पाठवा, हे आजच्या राउंडलाच विचारा.