ओरखड्यावर आधी नख फिरव

मित्रा, गाडीवर ओरखडा पडला म्हणून लगेच रंग आणायची घाई करू नकोस. गाडी धू, सुकव आणि ओरखड्यावर आडवं नख फिरव. अडकलं नाही, तर ओरखडा वरच्या क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे. सावलीत रबिंग कंपाउंड (ओरखडे घासून घालवायची पेस्ट) आणि मायक्रोफायबर कापडाने घासलंस की भागतं. नख अडकलं आणि आत पत्रा दिसतोय, तर मात्र पावसाळ्याची वाट बघू नकोस, गंज धरेल. आधी प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), मग टच-अपचा रंग. तो गाडीचा पेंट कोड, म्हणजे तिच्या नेमक्या छटेचा नंबर, बघूनच घे, नुसता ‘पांढरा’ आणलास तर ठिगळ दिसेल. टूथपिकच्या टोकाने फक्त चिरेत भर, पातळ थर, प्रत्येक थर नीट सुकू दे. मग भरलेला रंग सपाट करायला २००० नंबरचा वॉटर पेपर (एकदम बारीक पॉलिश पेपर) ओलाच वापर, आणि दाराच्या कडेला तो अजिबात लावू नकोस; तिथला रंग पटकन उडतो, माझा उडाला होता.