रात्रीचा मेसेज आणि अडलेला बोका

‘ताई, मी पशुवैद्य आहे. सहा वर्षं प्रॅक्टिस करते. माझा खासगी नंबर सगळ्यांकडे आहे. दोन महिन्यांपूर्वी रात्री अकराला एकांनी लिहिलं, “बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, बद्धकोष्ठ असेल का?” मी झोपेतच “सकाळी आणा” लिहिलं. सकाळी बघते तर लघवी पूर्ण अडलेली. वाचला, पण थोडक्यात. तेव्हापासून प्रत्येक मेसेजला मी त्याच क्षणी उत्तर देते, अगदी मुलीला झोपवतानाही. एक काकू तर कुत्रा जाऊन चार महिने झाले तरी रोज रात्री लिहितात. अशा ओळखीच्या लोकांकडे फी मागायलाही जीभ रेटत नाही. फोन बंद ठेवला तर मी निष्ठुर ठरेन का?’
– दमलेली डॉक्टर

डॉक्टर,

आधी त्या रात्रीबद्दल बोलू, कारण तुमचं ओझं तिथूनच सुरू झालंय. मूत्रमार्ग अडला की रक्तात पोटॅशियम साठत जातं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि दोनेक दिवसांत जीव जाऊ शकतो, हे तुम्हाला मी काय सांगणार! पण कुंथणारा बोका बघून घरच्यांना बद्धकोष्ठच वाटतं आणि ते तसंच लिहितात. मूत्राशय टम्म फुगलंय का, हे पोटाला हात लावल्यावर कळतं. फोनवर ते कुठून कळणार?

त्या रात्री चुकलं ते अर्धवट झोपेत, न तपासता उत्तर दिलंत हे. आणि प्रायश्चित्त म्हणून आता तुम्ही रोज तेच करताय. तुमचा नंबर नसता, तर ती माणसं कदाचित त्याच रात्री चोवीस तास चालणारा दवाखाना शोधायला निघाली असती. तुमच्या दोन शब्दांनी त्यांना धीर आला आणि ती घरी थांबली. मला काळजी वाटते ती या धीराची.

म्हणून खासगी नंबर बंदच करा. दवाखान्याचा वेगळा नंबर घ्या. रात्रीसाठी आसपासच्या डॉक्टरांशी पाळ्या ठरवा, किंवा जवळच्या तातडीच्या दवाखान्याशी बोलून त्यांचा नंबर द्या. ही सोय आधी, फोन बंद नंतर. मग सगळ्यांना कळवा: ‘रात्री मी मेसेज बघत नाही. तातडीचं असेल तर थेट या नंबरवर फोन करा.’ माफी मागू नका, कारणंही देऊ नका. सोबत एक कागद द्या. बोका वारंवार बसतोय पण लघवी होत नाही, कुत्र्याचं पोट फुगलंय आणि नुसत्या कोरड्या उलट्या येतायत, श्वास लागलाय, फिट थांबत नाही, मांजराच्या पोटात पॅरासिटामॉलची गोळी गेलीय: यातलं काहीही दिसलं तर मेसेज करत बसायचं नाही, निघायचं. तुमच्या जागरणापेक्षा हा कागद जास्त जीव वाचवेल, असं मला मनापासून वाटतं.

काकूंचं वेगळं आहे. त्यांना उपचार नकोत, त्यांच्या कुत्र्याला ओळखणारं माणूस हवंय, आणि शेवटच्या इंजेक्शनच्या वेळी तुम्हीच तिथे होतात. मध्येच उत्तरं देणं थांबवलंत तर त्या कोलमडतील. एकदा दिवसा त्यांना बोलवा, अर्धा तास बसा, त्याच्या आठवणी निघू द्या. मग सांगा, ‘काकू, रोज रात्री बोलणं मला झेपत नाही, आणि तुमच्या दुःखाला माझ्यापेक्षा जाणकार माणूस हवं.’ समुपदेशकाचं नाव आधीच शोधून ठेवा. त्या रडतील. रडू द्या.

फीबद्दल एवढंच: तुम्ही ती स्वतः मागूच नका. दर लिहून लावा आणि पैसे काउंटरवरच्या माणसाला घेऊ द्या. सवलत कुणाला द्यायची ते महिन्याच्या सुरुवातीला शांतपणे ठरवा, समोर कुणी डोळे पुसत असताना नको.

आणि त्या बोक्याच्या घरी एक फोन करा, दवाखान्याच्या वेळेत. एकदा अडलेल्या बोक्याला पुन्हा अडण्याचा धोका असतो, तेव्हा तपासणीला बोलवा. तो टेबलावर बसलेला तुम्हालाही एकदा बघायला हवा.

– ताई