सौर विजेच्या जोडीला वहाळाचे पाणी

प्रश्न : आमची बारा घरांची वाडी संगमेश्वर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. वाडीने मिळून ५ किलोवॅटचा सौर संच आणि बॅटऱ्या बसवल्या आहेत. पण आषाढ-श्रावणात झड लागली की बॅटऱ्या भरत नाहीत आणि बाहेरून येणारी वीजही तेव्हाच खंडित होते. वाडीमागच्या वहाळाला जूनपासून पौषापर्यंत पाणी असते. त्यावर छोटे जलविद्युत यंत्र बसवून याच बॅटऱ्यांना जोडता येईल का?

उत्तर : जोडता येईल, आणि कोकणात तर ही जोडणी विशेष उपयोगाची आहे, कारण ऊन ज्या महिन्यांत दडी मारते त्याच महिन्यांत वहाळ भरून वाहतो. मात्र जुलैतला लोंढा पाहून यंत्राचा आकार ठरवू नये. कोयनेची वीज बारमाही मिळते ती शिवसागर जलाशयात पावसाचे पाणी साठवलेले असते म्हणून. तुमच्या वहाळाला तसा साठा नाही, त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात जेवढे पाणी उरते तेवढ्यावरच यंत्र बेतावे.

त्या दिवसांत तात्पुरता बांध घालून सारे पाणी एका नळाने २०० लिटरच्या पिंपात सोडावे आणि ते भरायला लागणारे सेकंद मोजावेत. पाणी नळात शिरते तिथपासून खाली यंत्रापर्यंतची उंची मोजायला गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. पिंप १३ सेकंदांत भरले, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी मिळाले, आणि उंची ३० मीटर निघाली, तर पाण्यातली शक्ती ४.४ किलोवॅट होते. छोट्या यंत्रातून तिच्यातली निम्मी हाती येते असे धरले तर २.२ किलोवॅट. आकडा लहान दिसतो, पण यंत्र रात्रंदिवस चालत असल्याने दिवसाला ५० युनिटांच्या आसपास वीज मिळते. तुमचा सौर संच स्वच्छ उन्हातही साधारण २० युनिटेच देतो.

नळाच्या बाबतीत काटकसर करू नये. १५० मीटर लांबीच्या १६० मिलीमीटर व्यासाच्या नळात घर्षणामुळे जेमतेम एखाद्या मीटरची उंची वाया जाते. तेच पाणी ७५ मिलीमीटरच्या नळातून नेल्यास निम्म्याहून अधिक उंची नळातच संपते. नळाच्या तोंडाशी जाळी आणि गाळ बसण्यासाठी टाके हवेच, कारण पहिल्या पावसात वहाळ पालापाचोळा आणि तांबडी माती घेऊन येतो.

सर्वांत मोठी चूक होते ती जोडणीत. बॅटऱ्या भरल्या की सौर पॅनेलचा नियंत्रक पॅनेल सरळ तोडतो आणि पॅनेलला त्याने काही होत नाही. पाण्याच्या चक्राचा भार असा एकाएकी काढला तर ते बेफाम फिरून जनित्र निकामी होऊ शकते. म्हणून जलविद्युत यंत्राला उरलेली वीज पाणी तापवण्याच्या कॉइलकडे वळवणारा स्वतंत्र नियंत्रक लावावा. बॅटऱ्या मात्र दोघांच्या एकच राहू शकतात.

ग्रामपंचायत, जलसंपदा विभाग आणि वाटेत वनजमीन असल्यास वन विभाग यांच्याकडे आधी विचारणा करावी. वहाळातले सगळे पाणी नळात घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. मृगात चढणीचे मासे याच प्रवाहातून वर येतात आणि खालच्या वाडीची वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरची, शेतीही याच पाण्यावर असू शकते. यंत्रातून सुटलेले पाणी पुन्हा वहाळातच, त्यांच्या पाटाच्या वरच्या अंगाला सोडावे आणि जागा ठरवण्यापूर्वी त्या वाडीला बोलावून ती दाखवावी.