जीवन प्रभूला दिलं, मग राग का जाईना?

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहे, जास्त करून नाईटच असते. मागे कन्व्हेन्शनला, म्हणजे चर्चच्या मोठ्या मेळाव्याला, पुढं गेलो, गुडघे टेकून सगळं जीवन प्रभूच्या स्वाधीन केलं, लई रडलो, दारू त्या दिवशी सुटली ती सुटलीच. पण राग काय जाईना. परवा सकाळी ड्युटीवरनं आलो, पोरगं मोबाईल सोडत नव्हतं, मारलं त्याला. बायको म्हणते तुम्ही फक्त चर्चमध्ये बदललाय. मित्र म्हणतो तुझं समर्पण खोटं होतं, परत बाप्तिस्मा घे. त्यात वडिलांच्या घरात थोरला भाऊ हिस्सा देत नाही आणि मंडळीतले म्हणतात प्रभूवर सोडून दे. मग समर्पण म्हणजे आपण काहीच करायचं नाही का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जय ख्रिस्त भाऊ. मित्राचं आधी बाजूला ठेवू. एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा असं बायबलात इफिसकरांच्या पत्राच्या 4थ्या अध्यायात स्पष्ट आहे, तेव्हा राग आला की परत पाण्यात उतरायचं असं काही नसतं. आणि तुमचं समर्पण खोटं होतं असं मला अजिबात वाटत नाही, दारू सुटलीय ना, ते देवानंच केलंय, त्याला कमी लेखू नका.

पण त्या दिवशी तुम्ही जीवन दिलं म्हणजे दार उघडलं, आतल्या सगळ्या खोल्या अजून द्यायच्या राहिल्यात. लूक 9:23 वाचा, प्रभू म्हणतो स्वतःचा वधस्तंभ दररोज उचलून माझ्यामागं या. आपल्याकडं कन्व्हेन्शनच्या साक्षी अशा सांगतात की एका रात्रीत माणूस पूर्ण नवा झाला, आणि मग घरी गेल्यावर जुना स्वभाव दिसला की माणूस घाबरतो आणि लपवायला लागतो, हे लपवणं मला रागापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. बायबलातली ही पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचंच बघा, दमिष्कच्या वाटेवर प्रभू भेटला खरा, पण गलतीकरांच्या पत्रात तो स्वतः लिहितो की त्यानंतर तो अरबस्तानात गेला, तीन वर्षांनी यरुशलेमेत पेत्राला भेटला, आणि पुढं चौदा वर्षांचा हिशेब देतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडमध्ये झाला, आणि त्यांनीच लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त स्वतः सापडायला त्यानंतर सात-आठ वर्षं गेली. पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं, तिथलं त्यांचं मुक्ती मिशन हे त्या सापडण्यानंतर उभं राहिलेलं काम आहे. तुम्ही अजून वाटेत आहात, एवढंच.

आता पोराचं. इथं मी गुळमुळीत बोलणार नाही. मारलं त्याची माफी फक्त देवाकडं मागून भागत नाही. जकात गोळा करणारा जक्कय प्रभूला भेटला तेव्हा नुसता रडला नाही, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट देतो म्हणाला, म्हणजे नवं जीवन त्या लोकांच्या दारापर्यंत गेलं. तुम्ही पोरासमोर खाली बसा आणि सरळ म्हणा, मी चुकलो, तुला मारायला नको होतं. "पण तू पण ऐकत नाहीस" हे पुढं जोडायचं नाही. बापांनो मुलांना चिडीला आणू नका, ती खचतात, हे कलस्सैकरांच्या पत्रात आहे ते उगाच नाही. आणि दुसरं, रात्रभर मागाच्या खडखडाटात उभं राहून आलेल्या माणसानं घरात पाऊल टाकल्या टाकल्या मोबाईल, अभ्यास, लाईट बिल असला एकही विषय काढू नये. तोंड धुवा, चहा घ्या, झोपा, मोबाईलचं संध्याकाळी बोला. बायकोला सांगून ठेवा की सकाळी मला काही विचारू नको. काहींना हे फार साधं वाटेल, पण हेच तर द्यायचंय प्रभूला, तो सकाळचा अर्धा तास, कारण "सगळं जीवन" द्यायला सोपं जातं, अर्धा तास द्यायला जड जातं. तरीही हात उचलला जात असेल तर पास्टरांना किंवा समुपदेशकाला गाठा, एकट्यानं प्रार्थना करत बसू नका.

बायकोवर चिडू नका. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मात्र आपला निर्णय आपल्या वेळेनं, काही वर्षांनी घेतला, आणि टिळक किती तापट होते हे त्यांनी आपल्या आठवणींत लपवलेलं नाही. एवढ्या मोठ्या भक्ताच्या घरात ही गोष्ट होती. तुमची बायको तुम्हाला रोज जवळनं बघते, तिचं वाक्य टोचलं तरी ते घेऊन प्रार्थनेला बसा.

प्रयत्न करायचा का सोडायचा, याला फिलिप्पैकर 2:12-13 पुरेसं आहे, तिथं भीत कापत आपलं तारण साधून घ्या असं म्हटलंय आणि लगेच पुढं, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती दोन्ही करणारा देव आहे. दोन्ही एकाच दमात. धरलं जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनं सुद्धा आधी स्वतःला काय पाहिजे ते सांगितलं, हा प्याला टळू दे, आणि मत्तय म्हणतो तीच प्रार्थना तीनदा केली, आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आपण मात्र पहिलं वाक्य गिळून एकदम दुसरं म्हणतो आणि आतल्या आत धुमसत राहतो, मला वाटतं तुमचा अर्धा राग तिथलाच आहे. हिस्सा पाहिजे तर देवापुढं तसं म्हणा, घर पाहिजे म्हणा, भावाचा राग येतो म्हणा.

आणि मग भावाला भेटा. पौलाला फिलिप्पै शहरात बेकायदा फटके मारून गुपचूप सोडायला निघाले तेव्हा तो गप निघून गेला नाही, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन सोडावं म्हणाला. तेव्हा हक्क मागणं पाप नाही. मात्र भावाभावांनी कोर्टात जाण्यावर तोच पौल करिंथकरांना कडक बोललाय, म्हणून आधी सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे घर कुणाच्या नावावर आहे तो कागद, काढा, दोघंही ज्यांचं ऐकतात असे दोन वडीलधारे सोबत घ्या आणि सुट्टीच्या दिवशी, झोप झाल्यावर बसा. त्यातनं काय निघालं ते कळवा. पोराशी मात्र त्याच्या आधी बोला, शक्यतो आजच.