ऑपरेशनची तारीख लांब आहे, तोवर कंबर कशी सांभाळू?

या महिन्यात कंबरेची पत्रं इतकी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत. बहुतेकांचं एकच, मणक्याचं ऑपरेशन ठरलंय पण नंबर अजून लागलेला नाही आणि मधले दिवस कसे काढायचे ते कुणी नीट सांगितलेलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन करणारी डॉक्टर नाही, तेव्हा ऑपरेशन करायचं की नाही हे मी ठरवणार नाही, पण हे मधले दिवस हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. माझं वय ४४, करवीर तालुक्यातलं गाव. घरात दोन म्हशी आहेत, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला घालतो. दीड वर्ष झालं कंबर दुखतीय आणि आता डाव्या कुल्ल्यापासनं पोटरीतनं पार अंगठ्यापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. एमआरआय काढला, कंबरेतल्या एल ४-एल ५ या मणक्यांमधली गादी सरकून नस दबलीय म्हणाले. गोळ्या झाल्या, मणक्यात इंजेक्शन झालं, आता ऑपरेशनच. पण शुगर जास्त आहे ती आधी खाली आणा म्हणाले, आणि योजनेतनं करायचं म्हणून कागदपत्रं चाललीत, म्हणजे अजून दोन-तीन महिने तरी. मालक शिरोलीला फौंड्रीत आहेत, ते म्हणतात नुसती पडून राहा. सासूबाई म्हणतात पायाळू माणसाकडनं पाय लावून घे, सुटंल. जाऊबाईंना वाटतं मी कामं टाळायला करते. शेजारी म्हणतात मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस उठतच नाही. रात्री झोप नाही. एकाकडनं पुडी आणलीय, ती घेतली की बरं वाटतं. काय करू कळंना झालंय.

उत्तर: ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट, ती तुम्ही पण वाचा आणि मालकांना पण वाचून दाखवा. लघवी अडली, किंवा लागलेली कळतच नाही, संडासवरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथं बधिर वाटायला लागलं, किंवा दोन्ही पायांतली ताकद एकदम कमी झाली, तर तारीख, शुगर, कागदपत्रं काही बघत बसायचं नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी, सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जा नाहीतर १०८ ला फोन करा. मणक्याच्या शेपटाकडच्या सगळ्या नसा एकदम दाबल्या गेल्याचं ते लक्षण असतं आणि तिथं तास मोजले जातात, उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. आणि बायका ही गोष्ट लाजेपायी घरात पण सांगत नाहीत म्हणून मी ही पहिली लिहिली.

दुसरं, डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटतीय का, पाऊल फरशीवर फटफट आपटतंय का, पायाचा अंगठा वर उचलता येतोय का हे रोज बघा. तुमची जी नस दबलीय ती नेमकी अंगठा आणि पाऊल वर उचलायचं काम करते. नुसतं दुखणं वाढणं वेगळं आणि ताकद जाणं वेगळं. ताकद कमी व्हायला लागली तर लगेच सर्जनना जाऊन दाखवा, अशा पेशंटचा नंबर पुढं घेतला जातो, पण त्यांना कळलं तर ना. ताप येऊन कंबर दुखायला लागली तरी थांबू नका.

आता पडून राहण्याचं. मालक काळजीनंच म्हणतात, पण ते बरोबर नाही. कळ फारच असेल तर एखाद-दोन दिवस विश्रांती ठीक, त्याच्यापुढं पडून राहिलं की कंबरेचे आणि मांडीचे स्नायू ढिले पडतात, बद्धकोष्ठ होतं, शुगर चढते, आणि ऑपरेशननंतर उठायला जास्त जड जातं. ऑपरेशन करून घेणारा माणूस जेवढा चालता-फिरता असेल तेवढा तो लवकर उभा राहतो हे मी वर्षानुवर्षं बघतीय. म्हणून दिवसातनं चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटं सपाट जागेवर चाला, घराच्या अंगणात चाला, एकदम तासभर नको. चालताना पायात थोडी कळ येणं चालेल, पण ती कळ खाली खाली पायाकडं सरकत चालली आणि थांबल्यावर पण तासभर जात नसेल तर तेवढं चालणं जास्त झालं असं समजा आणि दुसऱ्या दिवशी कमी करा.

जेवणानंतरचं चालणं तर अजिबात सोडू नका कारण त्यानं शुगर पण खाली येते, आणि तुमची तारीख आत्ता शुगरवरच अडकलीय. शुगर जास्त असताना ऑपरेशन केलं की जखम भरायला वेळ लागतो, पू होण्याची भीती वाढते, आणि मणक्यातला जंतुसंसर्ग फार त्रास देतो, म्हणून डॉक्टर अडवतात, तुम्हाला टाळायला नाही. तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते, ती किती खाली आली की चालेल हा आकडा तुमच्या सर्जनकडनं लिहूनच घ्या, बरेच जण साडेसात-आठच्या आत मागतात. आकडा हातात असला की नक्की काय करायचंय ते कळतं.

आणि म्हणूनच ती पुडी आजच डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तशी बंद करा. नाव नसलेल्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं बऱ्याचदा सापडतं, बरं वाटतं ते त्याच्यामुळंच, पण स्टिरॉइडनं शुगर वर जाते. म्हणजे एका हातानं शुगर खाली आणायची आणि दुसऱ्या हातानं वर चढवायची असं चाललेलं असू शकतं. किती दिवस घेताय ते खरं सांगा, कारण स्टिरॉइड बरेच दिवस घेतलेलं असेल तर ते एकदम तोडणं पण धोक्याचं असतं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असावं लागतं. कुणी रागावलं तरी चालेल, सांगा.

मेडिकलमधनं मागून आणलेल्या गोळ्यांचं पण तेच. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही सगळी एकाच जातीतली औषधं, दोन वेगळ्या नावाच्या गोळ्या घेतल्या म्हणजे दुप्पट डोस झाला, आणि शुगर असलेल्या माणसाच्या किडनीला ते परवडत नाही, पोटात अल्सर होतो ते वेगळंच. नसेसाठी प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन दिली असेल तर सुरुवातीला गुंगी येते, चक्कर येते, रात्री उठताना सांभाळा, आणि ती मनानं एकदम बंद करू नका. मिश्री लावत असाल तर ती पण सोडायला आत्तापासनं सुरुवात करा, तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, आणि मणक्यात स्क्रू-रॉड टाकायचे असतील तर हाड जुळायलाच अडचण येते.

कामाचं सांगते. धार काढताना आपण उकिडवं बसतो, पुढं वाकतो, मांडीत बादली धरतो आणि मग तीच भरलेली बादली उचलून उठतो. सरकलेल्या गादीला याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. तेवढं काम पोरं, मालक, जाऊबाई कुणीतरी घ्यायलाच पाहिजे, वैरणीचा भारा आणि शेणाची पाटी पण. अगदीच कुणी नसेल तर ऑपरेशनपुरती एखादी म्हैस नातेवाइकांकडं बांधता येते का बघा, दुधाचे पैसे कमी होतील हे मला कळतं. भाकरी मात्र उभं राहून करा, परात ओट्यावर घ्या, एका पायाखाली पाट ठेवा, पाय आलटून पालटून. धुणं दगडावर वाकून नको. संडास उकिडवं बसायचा असेल तर मधे भोक असलेली कमोड खुर्ची मिळते ती ठेवा, ऑपरेशननंतर पण लागणारच आहे. जोर करावा लागू नये म्हणून पाणी भरपूर प्या, पालेभाजी, कडधान्यं खा. शिंक-खोकला आला की भिंतीला किंवा ओट्याला हात धरून गुडघे जरा वाकवा, नाहीतर कळ मस्तकात जाते.

झोपताना कुशीवर झोपा आणि दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी घ्या, नाहीतर पाठीवर झोपून गुडघ्यांखाली जाड उशी किंवा गुंडाळलेली वाकळ घ्या. फरशीवरच झोपलं पाहिजे असं काही नाही, फार मऊ नसलेली कापसाची गादी चांगली. उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी अख्ख्या अंगानं कुशीला वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हातानं रेटा देत उठायचं. ऑपरेशननंतर आम्ही पहिल्यांदा हेच शिकवतो, तर आत्तापासनंच सवय करा.

सासूबाईंचं. पायाळू माणसानं पाय लावला की उसण जाते असं आपल्याकडं फार जुनं मानतात, आणि साधी उसण चार-आठ दिवसांत आपोआपच सुटते त्यामुळं गुण आल्यासारखं पण वाटतं. पण तुमची उसण नाही, नस दबलीय, तिथं लाथ, तुडवणं, कंबर कटकन मोडून घेणं यातलं काहीही नको. सासूबाईंना दुखवू नका, त्यांना म्हणा तेल लावून हलक्या हातानं पाठ चोळा, गरम पाण्याची पिशवी द्या, एवढं चालतं, पिशवी फक्त बधिर भागावर नको, शुगर आहे तुम्हाला, भाजलेलं कळायचं नाही.

ऑपरेशन केलं की माणूस उठत नाही हे खरं नाही. गादीच्या साध्या ऑपरेशननंतर बहुतेकांना त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उभं करून चालवतात. धोका शून्य नसतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, नसेला इजा क्वचित होते, आणि शंभरातल्या पाच-दहा जणांची गादी पुन्हा सरकते. पण एक गोष्ट आधीच माहीत असावी म्हणून सांगते, या ऑपरेशननं पायातली कळ जितकी खात्रीनं जाते तितकी कंबरेतली दुखी जात नाही. तेव्हा डॉक्टरांना विचाराच की फक्त गादीचा तुकडा काढणार की स्क्रू टाकणार, पाय किती सुटेल, कंबर किती, वाकायला आणि धार काढायला परत कधी बसता येईल. आणि मधल्या काळात पायाची कळ आपणहून बरीच कमी झाली तर ते पण सांगा, सरकलेली गादी शरीर हळूहळू जिरवतं असंही होतं, मग कधी कधी ऑपरेशन पुढं ढकलता येतं.

योजनेचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण तुमचं नेमकं ऑपरेशन त्या दवाखान्यात त्यात बसतं का, मंजुरी कुठं अडकलीय, हे तिथं योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला समोर बसून विचारा. रेशन कार्ड आणि आधारवरच्या नावात फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, ऐनवेळी तेवढ्यावरनं अडतं.

आता जाऊबाई. हे दुखणं बाहेरनं दिसत नाही, प्लॅस्टर नाही, जखम नाही, बाई उभी दिसते म्हणजे बरी आहे असं लोक धरून चालतात. तुम्ही नाटक करत नाही आहात, ताई. नस दबल्यावर जी कळ येते तिनं धडधाकट पैलवान गडी रडलेले मी बघितलेत. पुढच्या वेळी दवाखान्यात मालकांना घेऊनच जा, जमलं तर जाऊबाईंना पण, आणि डॉक्टरांना म्हणा यांना एमआरआयच्या फिल्मवर नस कुठं दबलीय ते दाखवा. घरात "मला होत नाही" असं म्हणण्यापेक्षा "मी दहा मिनिटं उभी राहू शकते, मग पाच मिनिटं टेकावं लागतं, वाकायचं काम अजिबात नाही" असं नेमकं सांगा, त्यानं वाद कमी होतात. आणि रात्रभर जागून जागून जगणंच नको असं मनात यायला लागलं तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. दुखणं लांबलं की मनावर परिणाम होतोच, त्यात तुमचा काही कमकुवतपणा नाही.

प्रश्न: मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक, राहायला शहरातच. लंबर कॅनाल स्टेनोसिसचं निदान आहे, हृदयाच्या तपासण्या झाल्याशिवाय ऑपरेशन नाही म्हणतात. पूर्वी रंकाळा तलावाला पूर्ण फेरी मारायचो, आता थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, कट्ट्यावर बसलं की सुटतात. सायकल मात्र व्यवस्थित चालते. चालणं बंद करावं का?

उत्तर: काका, बंद करू नका, पद्धत बदला. तुमच्यात नसांची वाट अरुंद झालीय, ताठ उभं राहिलं की ती अजून आवळते आणि पुढं वाकलं की जरा मोकळी होते, म्हणून सायकल जमते आणि चालणं जमत नाही. वरच्या ताईंपेक्षा हे उलटं आहे, त्यांना वाकणं वर्ज्य, तुम्हाला थोडं वाकून बरं वाटतं, तेव्हा एकमेकांचे व्यायाम उचलू नका. पाय भरून यायच्या आधीच बसायचं, सुटले की पुन्हा उठायचं, रंकाळ्याला बसायला जागा आहेतच. हातात काठी किंवा वॉकर घेतला तर जरा पुढं झुकता येतं, त्यात कमीपणा मानू नका. सायकल घरातल्या घरात स्थिर असलेली बरी, रस्त्यावर पडलात तर नवंच दुखणं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ऑपरेशनआधी ती कधी थांबवायची हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील, स्वतः एक दिवस पण चुकवू नका. आणि बसल्यावर सुद्धा पाय सुटेनासे झाले, किंवा पायऱ्या चढताना गुडघा मुडपायला लागला, तर लगेच दाखवा.

प्रश्न: गोकुळ शिरगावला कंपनीत आहे, वय ३१, ऑपरेशन दोन महिन्यांनी. कंबरेचा पट्टा दिवसभर लावू का? गाडीवरनं रोज जावं लागतं.

उत्तर: दिवसभर नको दादा. प्रवासात आणि उभं राहायच्या कामात तासा-दोन तासांसाठी लावा, घरी आल्यावर, झोपताना काढा, नाहीतर स्नायू पट्ट्यावरच अवलंबून राहतात. पट्टा लावलाय म्हणून वजन उचलायचं नाही, लोक तिथंच फसतात. मोटरसायकलवर खड्डे आणि स्पीडब्रेकरचे दणके थेट मणक्यात बसतात, तेव्हा कंपनीची बस असेल तर तिनं जा, मधल्या सीटवर बसा, मागच्या चाकावरच्या सीटवर नको. आणि सर्जनकडनं हलक्या कामाचं सर्टिफिकेट आत्ताच मागून घ्या, ऑपरेशननंतरची रजा पण त्यावर लिहून घ्या. पगारातनं ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात होत असेल तर उपचार आणि आजारपणाच्या रजेचा पैसा त्यातनं मिळू शकतो, त्यांच्या दवाखान्यात आधी नोंद करावी लागते, ती या आठवड्यातच करून टाका.